विषय: सिंकखालचं यंत्र नुसतं गुणगुणतंय

नमस्कार मंडळी,

कार्यक्रमांच्या मेलांमध्ये हे मध्येच घुसवतोय, माफ करा. सिंकखालचा डिस्पोजर (खरकटं बारीक करून पाण्याबरोबर सोडणारं यंत्र) कालपासून फिरत नाही. बटण दाबलं की हूंऽऽ असा आवाज आला, पाणी तुंबलं, मग तो आवाजही बंद पडला. आता ढिम्म. घर घेतलं तेव्हापासून ते यंत्र तिथेच आहे, त्यामुळे आत काय असतं ते आम्हाला ठाऊक नाही. हिचं म्हणणं, पाती बोथट झाली असतील. बर्फ टाकला की धार येते असं कुणीतरी सांगितलंय. बर्फ टाकू, प्लंबर बोलावू, की नवीनच बसवू? शिवाय वास येतो, ते दुखणं जुनं आहे.

– नाटकाचा पडदा ओढणारा

*

उत्तर:

अरे, बर्फ राहू दे. धार लावायला पाती असावी लागतात, आणि त्यात पाती नसतातच. मिक्सरचं भांडं डोळ्यांसमोर आणू नकोस. तळाशी एक चकती असते, तिच्यावर दोन सैल ठोकळे. चकती मिनिटाला साधारण १,४०० ते २,८०० फेरे घेते (मोटर कुठल्या प्रकारची त्यावर अवलंबून) आणि खरकटं बाहेरच्या बाजूला भिरकावलं जातं. तिथे खाचा असलेलं कडं असतं. त्यावर आपटून, घासून बारीक झालेला लगदा पाण्याबरोबर खाली जातो. म्हणजे किसणीवर कुणीतरी अन्न फेकून मारतंय असं समज. बर्फाने फार तर कड्याला चिकटलेलं खरवडलं जातं.

तू लिहिलेल्या आवाजांतच निदान आहे. गुणगुण होती तेव्हा मोटरला वीज मिळत होती, पण चकती अडकलेली होती. नंतर शांतता झाली, कारण मोटर तापली आणि सुरक्षेचं बटण उडालं. यंत्र बहुधा ठणठणीत आहे.

आता क्रमाने कर. आधी प्लग काढ, नाहीतर मुख्य पेटीतला ब्रेकर पाड. भिंतीवरचं बटण बंद आहे एवढ्यावर भागवू नकोस, स्वयंपाकघरात मुलं असतात. मग टॉर्चने आत बघ. काही दिसलं तर लांब चिमट्याने काढ. हात घालायचा नाही, वीज बंद असली तरी नाही. ठोकळ्यांना धार नसते, पण कड्याला कडा असतात.

मग खाली आडवा हो. यंत्राच्या बुडाला बरोबर मध्यभागी षटकोनी भोक दिसेल. त्यात पाव इंची ॲलन की बसते. बऱ्याचदा यंत्राबरोबर आलेली की सिंकखालीच कुठेतरी टेपने चिकटवलेली असते, आधी ती शोध. दोन्ही दिशांना मागेपुढे हलव. आधी घट्ट लागेल, मग एकदम सुटल्यासारखं वाटेल. सुटलं की पूर्ण फेरे मारून बघ. भोक नसेल तर वरून लाकडी दांडा घालून चकती ढकल. वरून आत पुन्हा टॉर्च मार, जे अडकलं होतं ते आता मोकळं पडलेलं असेल.

शेवटी बुडाचं लाल बटण, तेच ते उडालेलं. दहाएक मिनिटं मोटर निवू दे, मग दाब. टक् झालं पाहिजे. वीज जोड, गार पाणी सोड, आणि मग चालू कर.

– ध्वनियंत्रणेवाले काका

*

उत्तर:

वासाचं मी सांगते. सिंकच्या तोंडाशी रबरी झालर असते ना, पाकळ्यांची, तिची खालची बाजू कधी बघितली आहेस का? वरून चकाचक आणि खालून काळा बुळबुळीत थर. खरकटं उडून तिथेच बसतं आणि कुजतं. वीज बंद कर, एकेक पाकळी उलटी कर आणि जुन्या टूथब्रशने साबण लावून घास. काही झालरी उचलून बाहेर येतात, तसं असेल तर सोन्याहून पिवळं. मग अर्धं सिंक भरून पाणी घे, थोडा साबण टाक, यंत्र चालू करून बूच काढ. सगळं पाणी एकदम भसकन गेलं की पाइपही धुतला जातो. लिंबाची साल टाकून वास झाकतो, जात नाही. गटार उघडायची दाहक पावडर तर अजिबात नको. ती आत साचून राहिली आणि कुणी झाकण उघडलं तर डोळ्यांत उडेल.

आणि काकांनी गार पाणी म्हटलंय ते उगाच नाही. गरम पाण्याने चरबी वितळते, पुढे पाइपात जाऊन थिजते. गार पाण्यात ती घट्टच राहते आणि तुकड्यांनी निघून जाते. अर्थात तेल-तूप मुळात तिकडे ओतायचंच नसतं. दळण संपल्याचा आवाज आला की लगेच नळ बंद करू नका, अर्धा मिनिट वाहू द्या.

– स्वयंपाक समिती

*

उत्तर:

यंत्र खरंच गेलं असेल तर एक अनुभव. आम्ही नवीन बसवलं. जुनं काढलं, जुनी पुट्टी खरवडली, नव्या पुट्टीची वळी करून सिंकच्या तोंडाशी बसणाऱ्या कड्याखाली गोल लावली. (सिंक दगडी असेल तर पुट्टी नको, तेल दगडात उतरून डाग पडतो. सिलिकोन लावा.) यंत्र हातांवर तोलून तीन कान तीन खाचांत बसवायचे असतात, त्यात दोघांचेही खांदे गेले. खाली उलटा डबा ठेवायची अक्कल नंतर आली.

सगळं कोरडं ठाक. रात्री डिशवॉशर लावला, तर पाणी उतरेचना. त्याची नळी या यंत्राला जिथे जोडतात त्या नळकांड्यात आत प्लास्टिकची बंद टिकली असते, ती नळी जोडण्याआधी स्क्रूड्रायव्हर ठेवून हातोडीने फोडायची असते. पुस्तिकेत होतं, आम्ही पान उलटलं होतं. मग नळी काढून फोडली, पण फुटलेली टिकली आतच राहिली. चालू केल्यावर असा खडखडाट, की शेजारचे येऊन गेले.

दुसरं म्हणजे भिंतीतल्या पाइपाचं तोंड यंत्राच्या तोंडापेक्षा खाली हवं. नवं यंत्र जुन्यापेक्षा लांब असेल तर तोंड खाली जातं आणि आत कायम पाणी उभं राहतं. विकत घ्यायच्या आधी फूटपट्टी लावा.

– ग्रंथालय

*

उत्तर:

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक झाकणाची बादली ठेवा की. न्यूयॉर्कच्या बऱ्याच भागात १९९७पर्यंत घरात हे यंत्र लावायला बंदी होती, जुन्या गटारांना झेपणार नाही म्हणून. ज्यांचं सांडपाणी स्वतःच्या सेप्टिक टँकमध्ये जातं त्यांनी तर दोनदा विचार करावा. टाकीत गाळ लवकर साठतो, उपसायचा खर्च तुमचाच.

– एक जुना सभासद

*

उत्तर:

बादली हवीच, नाही कोण म्हणतं? यंत्र कचऱ्याचा डबा नव्हे, ताटाला चिकटलेलं जे उरतं त्यासाठी ते आहे. माझ्याकडे जितकी दुरुस्ती येते त्यातली बहुतेक यंत्राची नसते, पुढच्या पाइपाची असते. बटाट्याच्या साली घ्या. पातळ असल्यामुळे त्या दळल्या न जाता निसटतात आणि वळणाच्या पाइपात खळीसारख्या बसतात. भात तिथे फुगतो. कणसाची पानं आणि चिवट देठ चकतीला दोऱ्यासारखे गुंडाळतात. कॉफीचा चोथा दिसायला निरुपद्रवी, पण वाळूसारखा तळाशी बसतो. अंड्याच्या टरफलांनी धार येते हे ऐकलंत तर काय उत्तर द्यायचं ते आता माहीत आहे.

गळती असेल तर कुठून ते बघा. वरून म्हणजे पुट्टी, बाजूने म्हणजे नळीचा क्लॅम्प. दोन्ही दुरुस्त होतं. बुडातून थेंब येत असेल तर आतलं सील गेलं. तेव्हा मात्र पैसे यंत्रावर घाला, दुरुस्तीवर नको.

– ध्वनियंत्रणेवाले काका

*

उत्तर:

काका, सुटलं! की खरंच टेपने चिकटवलेली होती, कपाटाच्या मागच्या भिंतीला. तिसऱ्या हिसक्याला कट् झालं. आतून स्टीलचा छोटा चमचा निघाला, देठ पिळवटून स्क्रूसारखा झालेला. औषधाच्या बाटलीबरोबर आलेला तो चमचा, महिनाभर आम्ही घरभर शोधत होतो. झालरही घासली. खालच्या बाजूचं वर्णन करत नाही, जेवणाची वेळ आहे.

बादली उद्या आणतो.

– पडदेवाला