कौन्सिलकडे जायच्या आधी केस पेपर हातात घ्या

वर एकांनी विचारलंय, मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तर खर्चाचे पैसे परत मिळतात का. नाही मिळत. कौन्सिल, म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषद, डॉक्टरला ताकीद देते, नोंदणी काही काळ निलंबित करते, फारच झालं तर यादीतून नाव काढते. पैशांसाठी ग्राहक आयोग, तोही २ वर्षांच्या आत.

पण आधी कागद. आत्याच्या पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर मिरजेतल्या एका हॉस्पिटलात आम्ही तीन चकरा मारल्या. दरवेळी "रेकॉर्डवाला रजेवर आहे." शेवटी डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, असं लिहून दोन प्रतींत अर्ज दिला आणि आमच्या प्रतीवर पोच मागितली. शिक्का मारताना काउंटरवरच्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी फाइल तयार! (भरती पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षंच ठेवायचं बंधन आहे, त्यामुळे रेंगाळू नका.)

डॉक्टर बीएएमएस किंवा होमिओपॅथीचे असतील तर त्यांच्या परिषदा वेगळ्या. चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक आधी बघून घ्या.

२००२ च्या त्याच नियमावलीत परिषदेनं तक्रारीवर ६ महिन्यांत निर्णय द्यावा असंही आहे. वाचून हसू येतं. आणि खरी मेख पुढेच आहे: २०१९ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्यात, कलम ३० मध्ये, राज्य परिषदेच्या निर्णयावर अपील करायची वाट डॉक्टरला दिलीय. पेशंटचं तिथं नावच नाही.