साखर शिल्लक असताना यीस्ट तळाशी का बसते?

प्रश्न :
मी इंग्लंडमध्ये राहतो आणि घरी एल प्रकारची बिअर करतो. या खेपेस यॉर्कशायरकडचे यीस्ट वापरले. फेस लवकर ओसरला, तळाशी घट्ट साका जमला आणि वरचा द्रव नितळ झाला. मात्र हायड्रोमीटर (द्रवाच्या घनतेवरून उरलेल्या साखरेचा अंदाज देणारे उपकरण) १.०१२ च्या अपेक्षेऐवजी १.०२० वरच अडला आहे. जर्मन गव्हाची बिअर शेवटपर्यंत गढूळ राहते, मग इथे पेशी इतक्या लवकर एकत्र का आल्या? नवे यीस्ट घालावे काय?

प्रतिसाद १ :
यीस्टच्या पेशीभित्तिकेवर काही प्रथिने असतात. ती शेजारच्या पेशीवरील मॅनोज साखरेच्या साखळ्यांना धरतात आणि ही पकड टिकण्यास कॅल्शियम लागते. बिअरच्या बहुतेक यीस्टमध्ये वॉर्टमधील (मोड आणलेल्या धान्याच्या, आंबवायच्या गोड काढ्यातील) ग्लुकोज व माल्टोज याच प्रथिनांना चिकटून पकड रोखून धरतात, त्यामुळे साखर पुरेशी घटल्यावरच गुठळ्या होतात. काही वाणांना मात्र केवळ मॅनोजच अडवू शकते, आणि वॉर्टमध्ये मोकळे मॅनोज जवळजवळ नसतेच. असे वाण साखर असतानाही गोळा होतात. सुटी पेशी अतिशय सावकाश बुडते, पण हजारो पेशींची गुठळी, वायूचे बुडबुडे मंदावले की, झपाट्याने खाली जाते. गव्हाच्या बिअरचे यीस्ट मुळातच फारसे गोळा होत नाही. शिवाय तिच्या गढूळपणात गव्हाच्या प्रथिनांचाही वाटा असतो.

प्रतिसाद २ :
नवे यीस्ट घालण्याची घाई करू नये. यॉर्कशायरच्या जुन्या चौकोनी दगडी टाक्यांत आंबणारी बिअर उपसून पुन्हा यीस्टवर सोडत असत, ते यीस्टच्या लवकर गोळा होण्याच्या याच खोडीमुळे. आपण झाकण न उघडता भांडे हलकेच गोल फिरवून साका उठवावा आणि तापमान २० अंशांच्या आसपास आणावे. जोराने ढवळल्यास हवा मिसळून बिअर बिघडते. थंड करण्याचीही घाई नको, कारण लोण्यासारखा वास देणारे डायअसेटिल हेच यीस्ट शोषून घेते.

प्रतिसाद ३ :
दोष यीस्टचाच आहे, हे आधी ठरवावे. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) फार गरम पाण्यात भिजवला असल्यास न आंबणारी डेक्स्ट्रिन (स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे) उरतात आणि मग कितीही ढवळले तरी आकडा उतरत नाही. पेलाभर बिअर वेगळी काढून तीत भरपूर ताजे यीस्ट घालावे व ती उबेत ठेवावी. तिथेही १.०२० च राहिले, तर बिअर आंबून पूर्ण झाली आहे.