शब्दचर्चा : ‘संक्रामक मूलद्रव्ये’ म्हणायचं की ‘संक्रमण’?

नौपाडा
दहावीच्या मराठी माध्यमात आवर्तसारणीच्या मधल्या पट्ट्याला, म्हणजे गण (उभे स्तंभ) ३ ते १२ यांना ‘संक्रामक मूलद्रव्ये’ म्हणतात. मी ठाण्यात शिकवण्या घेते. करोनानंतर हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून ‘मॅडम, मास्क!’ हे ठरलेलंच. तेवढ्यावर भागलं असतं तर इथे विचारलं नसतं. हीच मुलं अकरावीला इंग्रजीतून रसायनशास्त्र शिकायला लागतात तेव्हा ‘ट्रान्झिशन’ आणि ‘संक्रामक’ ही एकाच गोष्टीची नावं आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. मग शब्दच चुकलाय, की आपण त्याचा रोगाचा अर्थ तेवढा धरून बसलोय? आणि मुळात हे संक्रमण कशातून कशात?

चरईकर
शब्दाचं मूळ निर्मळ आहे. सम् + क्रम्. क्रम् हा धातू (व्याकरणातला, तुमच्या सारणीतला नव्हे) पाऊल टाकण्याचा. सूर्य धनूतून मकरेत पाऊल टाकतो ते संक्रमण, म्हणून संक्रांत. रोग एका अंगातून दुसऱ्यात जातो, म्हणून तोही संक्रामक. मराठी माणूस एरवी रोगाला साथीचा किंवा संसर्गजन्य म्हणतो. ‘संक्रामक’चा तो अर्थ आपल्या कानावर जास्त आला तो हिंदी बातम्यांतून, असं माझं मत.

खोट प्रत्ययात आहे. कारक, पूरक, तारक यांत ‘क’ आला की करणारा आला. मग संक्रामक म्हणजे संक्रमण घडवणारा. लोखंड काय घडवतं? ते बिचारं सारणीतल्या आपल्या चौकटीत बसून आहे. ‘संक्रमण मूलद्रव्ये’ म्हणा, प्रश्न मिटला. ठाण्यात ‘संक्रमण शिबिर’ कोणाला माहीत नाही? धोकादायक इमारत रिकामी केली की नवी उभी राहीपर्यंत लोक तिथे राहतात. तिथे कोणी मास्कचं विचारत नाही.

वाशी, सेक्टर ९
ताई, ‘कशातून कशात’ याचं उत्तर मी देतो, कारण शब्दाची निवड त्यावरच ठरेल.

मेंडेलीव्हच्या सारणीत लोखंड, कोबाल्ट, निकेल यांसारख्यांना आठव्या गणात बाजूला बसवलं होतं. एका ओळीचा शेवट आणि पुढच्या ओळीची सुरुवात जोडणारी मूलद्रव्ये, असा त्याचा भाव. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागायचा होता. पुढे १९२१ मध्ये चार्ल्स बरी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ‘ट्रान्झिशन’ हा शब्द इलेक्ट्रॉनच्या भाषेत वापरला. त्याच्या लेखी संक्रमण होतं ते आतल्या कवचाचं (केंद्राभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या थराचं), ८ इलेक्ट्रॉनांवरून १८ वर.

आकड्यांत पाहा. कॅल्शियमची (अणुअंक २०) मांडणी २, ८, ८, २. तिसऱ्या कवचात १८ ची जागा असूनही ८ वर थांबून चौथं कवच उघडलं. स्कँडियमपासून (२१) नवा इलेक्ट्रॉन बाहेर न जाता मागे वळून तिसऱ्या कवचाच्या डी उपकवचात (कवचातला १० इलेक्ट्रॉनांचा कप्पा) बसतो. स्कँडियम २, ८, ९, २. लोखंड २, ८, १४, २. तांबं २, ८, १८, १. म्हणजे आठाचे अठरा होतात. बाहेरची ओसरी जवळपास तशीच, भर पडते ती माजघरात. शेजारशेजारचे हे धातू एकमेकांसारखे का वागतात, त्यांच्या अणूंच्या आकारात फार फरक का पडत नाही, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

म्हणून मी चरईकर काकांच्या बाजूने. संक्रमण ही अवस्था आहे आणि हे धातू त्या अवस्थेतले.

ऐरोली_बारावी
सर, मग झिंकचं काय? आमच्या नोट्समध्ये लिहिलंय की झिंक डी-ब्लॉकमध्ये आहे पण ट्रान्झिशन मेटल नाही. दहावीत तर डी-खंड (हाच डी-ब्लॉक, गण ३ ते १२) म्हणजेच संक्रामक असं पाठ केलं होतं.

वाशी, सेक्टर ९
नोट्स बरोबर आहेत. आयुपॅकची (रसायनशास्त्रातल्या संज्ञा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची) व्याख्या अशी : ज्याच्या अणूत डी उपकवच अर्धवट भरलेलं आहे, किंवा ज्याच्यापासून तसं अर्धवट उपकवच असलेले धन आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) तयार होऊ शकतात, ते संक्रमण मूलद्रव्य. तांब्याच्या अणूत डी पूर्ण, १० इलेक्ट्रॉन. पण दोन इलेक्ट्रॉन गेले की डी मध्ये ९ उरतात, म्हणून तांबं आत. जस्ताचे बाहेरचे दोन गेले तरी आतले दहा जागेवरच, म्हणून जस्त बाहेर. कॅडमियम आणि पारा यांनाही सहसा याच कारणाने बाहेर ठेवतात.

जस्ताचा स्वभावही वेगळाच. क्रोमियम १,९०७ अंश सेल्सिअसला वितळतो, लोखंड १,५३८ ला. जस्त ४२० च्या आतच पाणी होतं. पारा तर घरातल्या तापमानाला द्रवच असतो. डी मधले इलेक्ट्रॉन मोकळे असले की अणूंमधला बंध मजबूत व्हायला हातभार लावतात. ते पुरते भरून मिटले की तो हातभार गेला.

रबाळे_प्लेटिंग
पुस्तकातलं मला कमी कळतं. बरीच वर्षं एमआयडीसीत प्लेटिंगच्या खात्यात काढली. तिकडे संक्रामक नाही नि संक्रमणही नाही. तिकडे ‘हेक्सा’ आणि ‘ट्राय’, म्हणजे सहा संयुजेचं नि तीन संयुजेचं क्रोमियम. क्रोमच्या टाकीतलं पाणी नारिंगी-तांबडं, ते हेक्सा. ते तसंच गटारात सोडायचं नाही, फार विषारी. आम्ल घालून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट सोडलं की रंग फिरतो, हिरवट होतो. झाला ट्राय. मग चुना टाकायचा, हिरवा गाळ खाली बसतो. धातू तोच, फक्त सहाचा तीन झाला. संक्रमण म्हणायचं तर आम्ही ते डोळ्यांनी बघायचो.

आता जस्ताचं. हार्डवेअरच्या दुकानात पिवळे बोल्ट मिळतात, गिऱ्हाईक त्याला ‘पिवळं झिंक’ म्हणतं. झिंक पिवळं नसतंच! झिंक चढवून झालं की क्रोमेटच्या पाण्यात बुडवतात, तो पिवळा रंग क्रोमचा. नुसत्या झिंकला रंग द्यायला सांगा, देणार नाही. तुमच्या व्याख्येत ते बाहेर आहे हे वाचून बरं वाटलं, आम्हाला तो भाऊबंदांतला कधी वाटलाच नव्हता.

नौपाडा
काका, हे मी उद्या वर्गात सांगणार!

कोपरीची वाचक
रंगावरून आठवलं. आपल्याकडे या धातूंच्या क्षारांना कितीतरी जुनी नावं आहेत. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. बाजारात आणि वैद्यांकडे चालणारे हे शब्द, कुठल्या परिभाषा समितीने घडवलेले नव्हेत. एक निळा, एक हिरवट. शाळेत मोरचूद तापवून पांढरा करून दाखवतात, पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळा. माझी शंका अशी की, रंग जर अर्धवट डी मुळे येतो तर तापवल्यावर तांब्याचं डी पूर्ण होतं का?

वाशी, सेक्टर ९
नाही, आणि शंका नेमकी आहे. तापवल्यावरही आयन तोच, डी मध्ये ९ इलेक्ट्रॉन. गेलं ते फक्त पाणी. आयनाला पाण्याचे रेणू वेढून बसतात तेव्हा डी च्या पाच ऑर्बिटलांची (इलेक्ट्रॉनांच्या जागांची) ऊर्जा एकसारखी राहत नाही, त्यांच्यात फट पडते. ती फट ओलांडायला इलेक्ट्रॉन तांबड्या बाजूचा प्रकाश शोषतो, आपल्याला निळा उरतो. शेजारी बदलले की फटीचं माप बदलतं आणि रंगही. म्हणजे ‘डी अर्धवट म्हणून रंग’ हे अर्धंच उत्तर. पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा तर या नियमात बसतच नाही. त्यातल्या मँगनीजच्या डी मध्ये एकही इलेक्ट्रॉन नाही. तिथे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून मँगनीजकडे उडी घेतो, त्याचा तो रंग.

ऐरोली_बारावी
अजून एक, विषय शब्दांचाच आहे म्हणून. ‘इलेक्ट्रॉन संरूपण’ (कुठे किती इलेक्ट्रॉन, ती मांडणी) हा दहावीतला शब्द. पण आता ‘चार एस आधी भरतो आणि आयन होताना आधी तोच रिकामा होतो’ हे वाचून डोकं फिरतं. (चार एस म्हणजे चौथ्या कवचाचं एस उपकवच.)

चरईकर
संरूपण चांगला शब्द आहे. हिंदीतल्या ‘विन्यास’पेक्षा मला बरा वाटतो. ‘रचना’ म्हटलं तर सगळ्याचीच रचना.

वाशी, सेक्टर ९
घोळ ‘भरतो’ या क्रियापदाने केलाय. ‘भरतो’ म्हटलं की वाटतं एकाच अणूत इलेक्ट्रॉन एकामागून एक येऊन बसतायत. प्रत्यक्षात आपण वेगवेगळ्या मूलद्रव्यांची तुलना करत असतो. पोटॅशियम-कॅल्शियममध्ये चार एस ची ऊर्जा खाली असते. स्कँडियमपासून केंद्रातला भार वाढत जातो तसं तीन डी खाली ओढलं जातं आणि चार एस बाहेरचा उरतो. आयन होताना बाहेरचा आधी जातो. लोखंडाचं संरूपण तीन डी ६, चार एस २ (शेवटचा आकडा इलेक्ट्रॉनांचा). दोन गेले की तीन डी ६, तीन गेले की तीन डी ५. एवढं कळलं तर उलटसुलट काही नाही.

क्रोमियमचं ‘तीन डी ५, चार एस १’ डी बरोबर अर्धं भरल्याने येणाऱ्या स्थैर्यामुळे होतं, असंही पाठ करून घेतात. मग त्याच गणातल्या टंगस्टनने पाच डी ४, सहा एस २ का ठेवलं? ते स्थैर्य खरं आहे, पण हिशेबातली ती एकच रक्कम. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही, बाळा.

नौपाडा
मग माझं असं ठरतंय. ‘डी-खंड’ हे जागेचं नाव, गण ३ ते १२, त्यात जस्त आहे. ‘संक्रमण धातू’ हे वागणुकीचं नाव, त्यात जस्त नाही. ‘संक्रामक’ पुस्तकात आहे तोवर कंसात लिहीन, कारण बोर्डाच्या पेपरात तोच येतो. पण ‘डी-खंड म्हणजेच संक्रामक’ हे वाक्य यापुढे पाठ करून घेणार नाही. मला वाटतं खरी अडचण त्या वाक्याची होती, मास्कच्या विनोदाची नव्हे.

चरईकर
मान्य. आता ‘ऑर्बिटल’ला काय म्हणता? कक्षा म्हणू नका, कक्षा म्हटलं की फिरणारे ग्रह आले.

रबाळे_प्लेटिंग
ऑर्बिटलच राहू द्या. आम्ही ‘इलेक्ट्रोलाइट’ म्हणत आलो, काही बिघडलं नाही.