मदत हवी आहे: उंच पुठ्ठ्याची (कमरेमागच्या भागाची) पहिलारू कालवड, आठवा महिना

नमस्कार मंडळी. माझ्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित कालवडीला आठवा महिना चालू आहे, पहिलंच वेत. अंगानं भरदार, पण मागून पाहिलं की काळजी वाटते. शेपटीच्या दोन्ही बाजूंची हाडं खुब्याच्या हाडांपेक्षा दोन बोटं वर आहेत, आणि त्यांच्यामध्ये माझी वीतही पुरी बसत नाही. पुठ्ठा मागं किंचित उतरता असला की वासराला वाट सोपी मिळते, असं आमचे डॉक्टर सांगतात. हिच्या मोठ्या बहिणीचा पुठ्ठा असाच होता. गेल्या वर्षी ती विताना अडली, तिघांनी दोरी लावून वासरू ओढलं. ते गेलं, वारही (जार) दोन दिवस अडकली. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे.

त्यात हिला मका भरडा जास्त झालाय, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या दिसतात. खुराक एकदम तोडला तर व्याल्यावर गायच खंगते, म्हणून तसं करणार नाही.

अशी कालवड कुणाकडे सुखरूप व्यायली आहे का? पाणमोट फुटल्यावर डॉक्टरांना किती वेळात बोलावलंत? आणि पहिलारूसाठी कृत्रिम रेतनाची कांडी (वळूच्या वीर्याची नळी) निवडताना वळूची वासरं सहज जन्मतात का, हे तुम्ही कुठं बघता?