बी विंग ग्रुप: चिन्मयचा बर्फाचा पास

बी-२०३ काकू: काल लिफ्टमध्ये जे ऐकलं ते इथेच लिहिते. ‘लोन काढून पोराला अमेरिकेत पाठवलं, आता तो बर्फात खेळायला पास मागतोय.’ लोन आम्ही फेडतोय, सोसायटी नाही.

बी-१०३: काकू, मी सहज म्हटलं हो. गैरसमज नको.

बी-२०३ काकू: सहजच लागतं जास्त. चिन्मय सॉल्ट लेक सिटीत आहे, डोंगर दारात. आयकॉन पास म्हणतोय, एकाच पासवर बऱ्याच बर्फाच्या डोंगरांवर सीझनभर जाता येतं तो. १३ ते २२ वयाला कमी दर, पुढच्या वर्षी मोठ्यांचा लागेल. आत्ताच घ्यायचा म्हणे, हिवाळा जवळ येईल तसा दर चढतो. कोणाला माहिती असेल तर नीट सांगा.

बी-४०१ काका: किती दिवस जाणार? आधी दिवस मोजा.

बी-३०२: म्हणजे लोकलच्या पासचं विद्यार्थी कन्सेशनच की. कॉलेजचं पत्र, शिक्का...

बी-५०४ (मेघना): पत्र नाही लागत दादा, तिथे वय बघतात. मी दोन वर्षं होते तिथे. काकू, चिन्मय स्की करतो की स्नोबोर्ड?

बी-२०३ काकू: बोर्ड. एकच फळी असते ती. सेकंडहँड घेतलीय.

बी-५०४ (मेघना): मग ऐका. आयकॉनच्या यादीत आल्टा आणि डीअर व्हॅली ही तिथली स्की-रिसॉर्ट्स आहेत, पण दोन्हीकडे स्नोबोर्डला बंदी आहे. फक्त स्कीवाले. यादी लांब दिसते, त्यातली ही दोन याच्यासाठी नाहीतच. आल्टा आणि शेजारचं स्नोबर्ड रिसॉर्ट मिळून ७ दिवस मिळतात, ते सगळे त्याने स्नोबर्डला वापरायचे. सॉलिट्यूड रिसॉर्टला महागातल्या पूर्ण पासवर कितीही वेळा जाता येतं. ब्रायटन आहेच. शहरातून बस वर जाते, गाडी लागत नाही.

बी-२०३ काकू: हे कोणीच सांगितलं नव्हतं गं 🙏

बी-१०१: टँकर आला का? वरच्या मजल्यावर पाणी नाही.

सेक्रेटरी: टँकरसाठी वेगळा ग्रुप आहे, कृपया.

बी-१०१: त्या ग्रुपवर तुम्ही उत्तर देत नाही म्हणून इथे.

बी-३०२: बर्फ हवा तर कुर्ल्याच्या मॉलमध्ये जा, टोपी-जॅकेटसकट 😄

बी-६०१ दादा: आपलं गुलमर्ग काय वाईट? गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, अफरवाट डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो.

बी-१०३: गुलमर्गचं नाव काढू नका. त्या एजंटकडून आमचे पैसे अजून यायचेत, आणि ट्रिप कोणी ठरवली होती ते सगळ्यांना माहीत आहे.

बी-६०१ दादा: मी ठरवली होती. माझेही अडकलेत. दरवेळी काढायलाच हवं का?

बी-४०१ काका: किती दिवस जाणार? आधी दिवस मोजा. शनिवार-रविवार, परीक्षा वजा करून.

बी-३०२: रूममेटबरोबर अर्धा-अर्धा घेतला तर?

बी-५०४ (मेघना): नाही चालत. पासवर फोटो असतो, दुसऱ्याने वापरला तर जप्त. आणि काकू, स्वस्तातला बेस पास नाताळनंतरच्या आठवड्यात आणि त्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या लाँग वीकेंडला चालत नाही. मुलांना सुट्टी असते तेव्हाच.

बी-२०३ काकू: सुट्टीतच तर जाणार तो. आणि पडला-बिडला तर?

बी-५०४ (मेघना): पासमध्ये दवाखान्याचा खर्च येत नाही. युनिव्हर्सिटीच्या विम्यात स्नोबोर्डिंग बसतं का ते आधी विचारू दे. हेल्मेटशिवाय जाऊ देऊ नका.

बी-४०१ काका: दिवस मोजलेत का?

बी-३०२: काका, तिसऱ्यांदा!

बी-४०१ काका: आमच्या धाकट्याने जिमचं वर्षाचं भरलं आणि नऊ दिवस गेला. म्हणून विचारतोय. एकेका दिवसाचं तिकीट तिथे फार महाग असेल तर पास चार-पाच दिवसांत वसूल होईल. पण जायला हवं ना.

बी-२०३ काकू: बोलले त्याच्याशी. आल्टाचं त्याला माहीत होतं. काका, त्याने कॅलेंडर पाठवलंय. परीक्षा सोडून १४ दिवस निघतात, बसच्या वेळेसकट. अर्धे पैसे लायब्ररीतल्या कामातून तोच भरणार आहे. विम्याचं उद्या विचारतोय, ते कळल्यावरच बाकीचे मी पाठवीन.

बी-४०१ काका: १४ ठीक आहेत. घेऊ द्या.

बी-१०३: काकू, संध्याकाळी घरी येते. समोरासमोर बोलू.

बी-२०३ काकू: ये. चहा टाकते.

बी-१०१: पाणी आलं तर.

सेक्रेटरी: टँकर ६ वाजता.