अनुभव धागा: कॉलेजातला ग्रुप व्हिडिओ आणि त्यात तुमच्या वाट्याला आलेलं काम

कृष्णाकाठचा: पुतणीच्या कॉलेजात गटानं माहितीपट करायचाय. काल जेवताना म्हणाली, "काका, माझ्याकडं कॅमेरा नाही, लॅपटॉप नाही, मला कोण घेणार?" मला आमचं सेकंड इयर आठवलं. विषय सांगलीची हळद. हँडीकॅम विश्रामबागेतल्या मित्राचा, कॉम्प्युटर दुसऱ्याचा. मी हरिपूरचा, वडील पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, उतरणारे हमाल. वर्गात हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलेलं, पेव न दाखवता हळदीवर काय बोलणार? मग सांगितलं आणि सगळ्यांना घेऊन गेलो. वडिलांनी आधी पोरांना काठापासून लांब उभं केलं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आत श्वास घेण्यासारखी हवा नसते. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचं. विझला तर थांबायचं. कंदील खाली जातानाचा शॉट मी घेतला. पुढं वडील इतकं बोलले की कॅसेट संपली. घरात एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तुमचं काय काम होतं? लिहा.

मिरजेची लेक: साउंड! आमच्यात सतारीचं काम, आजोबांपासून. जवारी काढताना, म्हणजे सूर नीट यावा म्हणून तारांखालची घोडी घासताना, कानस कुठं थांबवायची हे मामा निव्वळ कानानं ठरवतात. ते नीट यावं म्हणून शेजारच्या दुकानातला पंखासुद्धा बंद करायला लावला. २०२४ ला मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा तोच व्हिडिओ घरच्या ग्रुपवर परत फिरला. मामांनी सगळ्यांना पाठवला.

भडंगप्रेमी: शूटिंगला भडंगाचं पोतं कोण आणायचं ते पण लिहा रे 😄 आमच्यात मीच

वाळव्याची सून: 😂 कांदा, लिंबू वेगळं न्यायचं, नाहीतर मऊ पडतं

कुंडलकडचा: विषय प्रतिसरकार, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं सरकार. गटातले सगळे शहरातले, प्रश्न छापून आणलेले. म्हातारी माणसं "हो", "नाही" एवढंच बोलायची. मी कागद बाजूला ठेवला, जमिनीवर बसलो, आमच्या आजोबांचं नाव सांगितलं. मग प्रतिसरकारची तुफान सेना, १९४३ ला शेणोलीला लुटलेली रेल्वे, सगळं निघालं. त्यातले कुणी आता राहिले नाहीत. ते रेकॉर्डिंग मी तीन ठिकाणी जपून ठेवलंय.

कृष्णाकाठचा: वाचून अंगावर काटा आला. ते जपाच.

सातारी: आमचं शूट साताऱ्यातल्या चारभिंतीच्या टेकडीवर होतं. वाऱ्यानं अख्खा आवाज खाल्ला, घरी येऊन परत बोललो. ज्यांचं शूट डोंगरावर असेल त्यांनी माइकला स्पंज लावाच. (कार्यालयात आहे, बाकीचं रात्री)

एडिटिंगवाली: टेप कॉम्प्युटरवर घ्यायला टेपएवढाच वेळ लागायचा, तासाच्या टेपला तास. आई सारखी विचारायची, झालं का गं? नावांच्या यादीत मात्र मी सगळ्यात शेवटी. पुतणीला सांगा, कामं आधीच कागदावर लिहून घ्यायची.

वाळव्याची सून: हे अगदी खरं. माझी पोरगी रडत आली होती यावरून

भडंगप्रेमी: हरिपुरात पेवं आहेत का अजून?

कृष्णाकाठचा: थोडी. माल आता बहुतेक गोदामात नि कोल्ड स्टोरेजला जातो. मिरजेची लेक, पुतणीला सतारीचा विषय आवडलाय, तुमच्याकडं पाठवू का?

मिरजेची लेक: पाठवा की, विचारताय काय! दुपारनंतर या म्हणावं, सकाळी पॉलिशचं काम असतं, वास सहन होत नाही.