डॉर्टची धर्मसभा: निवड देवाची की होकार माणसाचा?

पूर्वनियुक्त

नेदरलँड्समधल्या सुधारित (प्रोटेस्टंट) चर्चच्या डॉर्ट इथल्या धर्मसभेने (१६१८-१९) आर्मिनियसच्या अनुयायांची शिकवण नाकारली, ते योग्यच झालं. लायडनचे प्राध्यापक याकोबस आर्मिनियस १६०९ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या मताच्या पाळकांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. पहिलं कलम सांगतं की जे विश्वास ठेवतील आणि शेवटपर्यंत टिकतील त्यांना तारायचं, असं देवाने अनादिकाळी ठरवलं. म्हणजे देवाने अट ठरवली; ती पूर्ण कोण करणार हे माणसावर सोडलं. पण बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रात (रोम ९:११) याकोब आणि एसाव जन्मलेलेही नाहीत, त्यांनी बरंवाईट काही केलेलं नाही, तेव्हाच निवड झालेली आहे.

एकाच बाकावर दोघे बसलेत, संदेश एकच, कृपाही सारखीच. एक विश्वास ठेवतो, दुसरा नाही. हा फरक कोणी केला? देवाने म्हणालात तर कृपा सारखी नव्हती. माणसाने म्हणालात तर १ करिंथ ४:७ मधल्या ‘तुला इतरांहून वेगळं कोण करतं?’ या पौलाच्या प्रश्नाला त्या विश्वासणाऱ्याचं उत्तर ‘मीच’ असं निघतं, आणि तारणाचा अभिमान बाळगायला जागा मिळते.

वेस्लीवाडी

तुम्ही पहिलं कलम वाचून थांबलात. तिसरं स्पष्ट म्हणतं की पतित माणूस स्वतःच्या इच्छेच्या बळावर खरं चांगलं काही करू शकत नाही, त्याला पवित्र आत्म्याने नवा जन्म द्यावा लागतो. चौथं म्हणतं की प्रत्येक चांगल्या गोष्टीचा आरंभ, वाढ आणि पूर्णता कृपेनेच होते. माणूस स्वतःच्या बळावर चांगलं करू शकतो, हे पेलागियसचं मत; हे तसं नव्हे. वाद एवढ्यापुरताच आहे की या कृपेला माणूस विरोध करू शकतो का. स्तेफन प्रेषितांची कृत्ये (प्रे. कृ.) ७:५१ मध्ये ऐकणाऱ्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही पवित्र आत्म्याला नेहमी विरोध करता. मत्तय २३:३७ मध्ये प्रभू यरुशलेमेच्या लेकरांना एकवटू पाहतो आणि त्यांची इच्छा नसते.

बाकावरच्या दोघांचं म्हणाल तर विश्वास हे कर्म नव्हे. रोम ४:४-५ मध्ये पौलच मजुरी आणि विश्वास यांना समोरासमोर उभं करतो. दान घेणाऱ्याने पुढे केलेला हात दानाची किंमत ठरत नाही. आणि रोम ९ वाचून ११ व्या अध्यायाआधी थांबू नका: तिथे फांद्या अविश्वासामुळे तोडल्या जातात आणि अविश्वास सोडला तर पुन्हा कलम केल्या जातात.

सभा न्याय्य होती असंही म्हणवत नाही. आर्मिनियसचे लायडनमधले विरोधक गोमारस तिथे सभासद म्हणून बसले आणि आर्मिनियसच्या बाजूचे पुढारी एपिस्कोपियस व त्यांच्या साथीदारांना आरोपी म्हणून बोलावलं गेलं. १४ जानेवारी १६१९ ला त्यांना बाहेर काढलं आणि निकाल त्यांच्या पाठीमागे लागला. सुमारे दोनशे पाळकांची पदं गेली. त्यांचं पाचवं कलम तर खरा विश्वासणारा कृपेतून ढळू शकतो का, हे शास्त्रातून आधी नीट तपासू या, एवढंच म्हणत होतं!

पूर्वनियुक्त

बडतर्फीचं समर्थन मी करत नाही. पण सिद्धान्त त्यामुळे खोटा ठरत नाही. डॉर्टचे मुद्दे लक्षात ठेवायला केलेल्या ‘ट्यूलिप’ (TULIP) या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरं पाठ करून डॉर्ट समजत नाही, तो क्रम फार नंतरचा आहे. सभेच्या निर्णयाचा मूळ दस्तऐवज निवडीपासून सुरू होतो, तिसरा आणि चौथा मुद्दा एकत्र घेतो आणि प्रत्येक भागाच्या शेवटी चुकांचं खंडन देतो. त्या एकत्र भागातलं १६ वं कलम वाचा: कृपा माणसाला लाकडाच्या ओंडक्यासारखं वागवत नाही, इच्छेवर जबरदस्ती करत नाही, तिला जिवंत करते, बरी करते. विरोध लोक करतातच, प्रे. कृ. ७ आम्ही नाकारत नाही. पण देव नवा जन्म देतो तेव्हा ती विरोध करणारी इच्छाच बदलते.

वसईकर कॅथलिक

हाच वाद आमच्याकडेही पेटला होता. येशूसंघी मोलिना यांनी १५८८ मध्ये मांडलं की कोणत्या परिस्थितीत कोण स्वतंत्रपणे काय करेल हे देवाला आधीच माहीत असतं आणि त्यानुसार तो कृपा देतो. डॉमिनिकन गुरूंनी कडाडून विरोध केला. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच चौकशी संपवली: दोघांनीही आपापलं शिकवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये. डॉर्टला हे जमायला हवं होतं.

पूर्वनियुक्त

मोलिनांचा तोडगा टिकत नाही. जो माणूस अजून निर्माणच करायचा ठरलेला नाही, तो काय करेल हे कशामुळे खरं ठरतं? देवाच्या ठरावामुळे नाही, आणि माणूस तर अस्तित्वातच नाही.

वेस्लीवाडी

तो प्रश्न मोलिनांना विचारा. मला प्रवचनपीठाचा विचारायचा आहे. डॉर्टच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचं बलिदान साऱ्या जगाच्या पापांना पुरेसं आहे असं म्हटलंय, पण परिणामकारक तारण निवडलेल्यांपुरतंच ठेवलंय. तुमचा पाळक समोरच्या अनोळखी माणसाला ‘ख्रिस्त तुझ्यासाठी मेला’ असं म्हणू शकतो का?

पूर्वनियुक्त

तो प्रे. कृ. १६:३१ म्हणेल: प्रभू येशूवर विश्वास ठेव म्हणजे तुझं तारण होईल. पौलाने फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला एवढंच सांगितलं. डॉर्टही (दुसरा भाग, कलम ५) हे वचन सर्व राष्ट्रांना, कोणताही भेद न करता, पश्चात्तापाच्या आज्ञेसह सांगायला लावतं. कोण निवडलेला आहे हे पाळकाने आधी शोधायचं नसतं.

वेस्लीवाडी

मग १ करिंथ १५:३ पाहा. पौल करिंथमध्ये पोहोचला तेव्हा तिथे मंडळी नव्हती. तरीही सुरुवातीलाच जे सांगितलं त्यात ‘ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला’ हे होतं, असं तो स्वतः लिहितो. ते वाक्य तुमच्या पाळकाला न अडखळता म्हणता आलं पाहिजे.